निकम सरांचं सोमवारचं पत्रक

"संशोधन वार्ता : या आठवड्यात विभागात संशोधन झाले नाही."

हे वाक्य विद्यापीठाच्या लेटरहेडवर छापून विभागाच्या दारात लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव डॉ. दत्तात्रय निकम. सांगलीकडच्या ज्या विद्यापीठात मी उमेदीची वर्षं काढली, तिथल्या संगणकशास्त्र विभागात ते शिकवायचे. मी रहिमतपूरची, लहानपणापासून तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. पण निकम सरांसमोर माझंही काही चालायचं नाही, कारण ते वादच घालायचे नाहीत. शांतपणे ऐकून घ्यायचे, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि मग आपल्याला हवं तेच करायचे.

पत्रकाची कल्पना त्यांची नव्हती. बाहेरून मूल्यांकन समिती येणार होती आणि आमच्याकडं 'संशोधनाचं वातावरण' आहे असं तिला दिसायला हवं होतं. विभागप्रमुख पाटणकर सर उत्साही गृहस्थ. त्यांनी ठरवलं की दर सोमवारी एक पानी पत्रक काढायचं आणि त्यात तीन सदरं ठेवायची: संशोधन वार्ता, कार्यक्रम, निधीच्या संधी. काम कुणाला द्यायचं यावर बैठक झाली. आम्ही सगळे खाली बघत बसलो. निकम सर नेमके चष्मा पुसत होते, त्यामुळे त्यांना खाली बघायचं सुचलं नाही, आणि काम त्यांच्या गळ्यात पडलं.

पाटणकर सरांना वाटलं होतं, थोडे दिवस काहीबाही छापून येईल, समिती येऊन जाईल आणि पत्रक आपोआप बंद पडेल. निकम सरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच सोमवारी दारात ते वाक्य झळकलं आणि पाटणकर सर धावत स्टाफरूममध्ये आले.

"अहो निकम, हे काय? काहीतरी चांगलं लिहा की!"

"चांगलं काय झालंय सर?"

"माझा पेपर येतोय ना आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये."

"पाठवलाय?"

"पाठवणार आहे."

निकम सरांनी चष्मा पुसला. "सर, ही बातमी हाय का इच्छा हाय?"

पुढं हा प्रश्न सगळ्या विभागात रुळला. यंदा लिफ्ट चालू होणार, असं कुणी म्हणालं की दुसरा लगेच विचारायचा, "बातमी का इच्छा?" लिफ्ट अजून बंदच आहे.

कार्यक्रमांचं सदरही त्यांनी असंच चालवलं. वडूजला एका कॉलेजात राष्ट्रीय परिषद होती. विषय कृत्रिम बुद्धिमत्ता. आम्ही दोघं विभागातर्फे गेलो. आधी पाहुण्यांचे सत्कार झाले, मग सत्कार करणाऱ्यांचे झाले, मग मंडपवाल्याचा झाला. फेटे बांधणारा एकच होता आणि डोकी पुष्कळ होती. माझ्याही डोक्यावर त्यानं फेटा बसवला, तो दिवसभर डोळ्यांवर उतरत होता. प्रमुख वक्ते उभे राहिले तोवर जेवणाची हाक आली. त्या सोमवारी पत्रकात आलं : "वडूज येथे परिषदेचे उद्घाटन झाले. सत्कार झाले. जेवण चांगले होते. वेळेअभावी परिषद झाली नाही." आयोजकांचा पाटणकर सरांना रागारागानं फोन आला, पण वृत्तात नक्की चूक काय ते त्यांना सांगता येईना.

निधीच्या संधी मात्र ते मनापासून शोधायचे. जगात कुठंही संशोधनाला पैसे मिळत असले की निकम सरांना पत्ता लागायचा. प्रत्येक नोंदीपुढं ते शेरा मारत. "समुद्री माशांची गणना. आपल्याला समुद्र नाही." "तरुण संशोधकांसाठी. विभागात कोणी नाही." जी संधी एखाद्याला खरंच लागू व्हायची, तिची अंतिम तारीख त्यांच्या डोक्यात बसायची. मग ते त्या माणसाच्या टेबलापाशी चहाचा कप घेऊन उभे राहायचे आणि एवढंच म्हणायचे, "मॅडम, गुरुवार." बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी परत कप घेऊन हजर. माझा आयुष्यातला पहिला प्रवासनिधी मला हुशारीनं मिळाला नाही, तो निकम सरांच्या गुरुवारला कंटाळून मिळाला.

चौथं सदर त्यांनी स्वतःहून जोडलं. शुद्धिपत्र. "मागील अंकात प्रा. कदम चर्चासत्र व चहापानास उपस्थित होते असे छापले गेले. ते फक्त चहापानास उपस्थित होते." कदमांनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. अबोला धरलाय हे निकम सरांच्या लक्षात आलं नाही.

समिती येऊन गेली. पत्रक वाचून तिच्या अध्यक्षांना इतकं हसू आलं की त्यांनी ते चालू ठेवण्याची शिफारस केली. आता बंद करायची सोय राहिली नाही.

या पत्रकाचा एक वाचक गावाकडं होता. निकम सरांचे वडील, निवृत्त सुभेदार बापूराव निकम. सगळे त्यांना आबा म्हणत. कवठे महांकाळच्या अलीकडं माळावर त्यांचं गाव. तिथं घरटी एक माणूस सैन्यात. पोरगं भरती झालं की मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर त्याला हार घालायचा, हा गावचा रिवाज. निकम सर ऐन वयात भरतीला उभे राहिले होते, पण तळवे सपाट निघाले. मग ते शिकले, डॉक्टरेट झाले. डॉक्टरेटला पारावर हार नसतो. आबा कधी बोलून दाखवत नसत, पण या पारावर आपल्या दत्ताच्या गळ्यात एकदा हार पडलेला बघायचा, एवढं त्यांच्या मनात होतं. हे मला निकम सरांनीच एकदा बसमध्ये सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

निकम सर पत्रक मोबाइलवर पाठवत आणि आबा ते दर मंगळवारी झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेत आणि पारावर उभं राहून खड्या आवाजात वाचून दाखवत. गावातल्या म्हाताऱ्यांना आमच्या विभागात कोण काय करत नाही याची खडान्‌खडा माहिती होती.

आणि मग निकम सरांनी शेळ्यांचा प्रकल्प काढला.

त्यांच्या भागात पाऊस कमी, शेळ्या पुष्कळ आणि जनावरांचा डॉक्टर लांब. शेळी खोकायला लागली की तिला साधी सर्दी आहे की फुप्फुसाचा आजार, हे कळेपर्यंत अर्धा कळप गेलेला असतो. निकम सरांचं म्हणणं असं की खोकल्याचा आवाज ऐकून हे मोबाइलनं ओळखावं. सरांनी गावी जाऊन थोडे आवाज गोळा केले. स्टाफरूममध्ये आम्ही डबे उघडले की कोपऱ्यातून शेळीच्या खोकल्याचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी मी पाण्याचा ग्लास घेऊन धावले होते.

त्यांनी दिल्लीला प्रस्ताव पाठवला. तिथून उत्तर आलं की तो सादरीकरणासाठी निवडला आहे. सोमवारी पत्रकात आलं : "डॉ. निकम यांचा प्रस्ताव सादरीकरणासाठी निवडण्यात आला आहे. निवड म्हणजे मंजुरी समजू नये."

पाटणकर सरांनी 'निवडण्यात आला आहे' इथपर्यंत वाचलं. त्यात त्यांचा तरी काय दोष? आमच्याकडं पोरगं भरतीत पळण्यात पास झालं की मेडिकलच्या आधीच गुलाल उधळतात. त्यांनी आबांना फोन लावला, चिरंजीवांचा प्रकल्प मंजूर झाला म्हणून सांगितलं आणि सत्काराचा कार्यक्रम विभागातर्फे तुमच्या गावातच करू म्हणाले. आबांनी मंगळवारी पत्रक वाचलं होतं, त्यातलं शेवटचं वाक्यही वाचलं होतं. पण आता खुद्द साहेबाचा फोन आला होता. आबांच्या हिशेबानं साहेब कधी चुकीचं बोलत नाही.

निकम सर दिल्लीला सादरीकरण करून परत आले ते थेट गावाकडं, कारण आबांचा निरोप होता. पाटणकर सरांच्या शब्दावर विसंबून आम्ही विभागातले आधीच पोचलो होतो. देवळासमोर भला मोठा फ्लेक्स : "डॉ. दत्तात्रय बापूराव निकम यांचा शेळी संशोधन प्रकल्प दिल्लीहून मंजूर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" मध्यभागी निकम सरांचा फोटो, बाजूला दोन शेळ्या आणि खाली टोपी-पदकांसह आबा, शुभेच्छुक म्हणून. निकम सर फ्लेक्सखाली उभे राहून तो पूर्ण वाचत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसून परत वाचला.

हार घालायला आबाच पुढं आले. हार घालून झाल्यावर त्यांनी कडक सलाम ठोकला, मुलाला. बायका डोळे पुसायला लागल्या. मीसुद्धा.

निकम सर माईकपाशी गेले आणि म्हणाले, "मंडळी, प्रकल्प अजून मंजूर झालेला न्हाई."

जोरदार टाळ्या पडल्या. सरपंच शेजारच्याला म्हणाले, "बगा, मोटी मानसं अशीच बोलत्यात."

"खरंच न्हाई झाला. नुसतं बोलावलं हुतं."

आणखी टाळ्या. एकानं शिट्टी वाजवली. मग निकम सर खाली बसले. जेवणात त्यांनी काही खाल्लं नाही.

काही आठवड्यांनी दिल्लीहून मेल आला. प्रस्ताव नामंजूर. कारण : नमुने अपुरे.

सोमवार उजाडायचा होता. पाटणकर सर कासावीस झाले. मंजूर म्हणून फोन त्यांनीच केला होता ना. "निकम, या आठवड्यात पत्रकच नको काढूया."

"का?"

"अहो, तुमचे वडील पारावर वाचतात ते! माणूस या वयात तोंडघशी पडेल. निदान 'विचाराधीन' असं लिहा."

"विचाराधीन न्हाई सर. विचार झालाय."

मला त्या दिवशी निकम सरांचा भयंकर राग आला. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "सर, शेळ्यांची दया येते, सख्ख्या बापाची येत नाही? एक ओळ गाळली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

ते व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, "मॅडम, पारावर ते माझं पत्रक वाचत्यात, कारन त्यात खोटं नसतंय असं त्यास्नी वाटतंय. ते बी गेलं तर माझ्याकडं त्यास्नी द्यायला काय ऱ्हायलं?"

सोमवारी पत्रक लागलं. "डॉ. निकम यांचा प्रस्ताव नामंजूर झाला. कारण : नमुने अपुरे." त्याच्या खाली नेहमीसारखंच कार्यक्रम, निधी, शुद्धिपत्र.

बुधवारी सकाळी आबा स्वतः विभागात आले. धोतर, कोट, टोपी, हातात पत्रकाची घडी. सरळ पाटणकर सरांच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिले. निकम सर आणि मी मागून धावलो.

"साहेब, आपन फोनवर दिल्याली बातमी चुकली हुती," आबा म्हणाले.

पाटणकर सर उभे राहिले. "आबा, माझीच गफलत. मी माफी..."

"न्हाई, न्हाई. हुतंय. मी काल पारावर समद्यांना वाचून दावलं. हार झाली तर ती आदी कळवायची असती, आमी पलटनीत तेच केलंया." मग मुलाकडं वळून म्हणाले, "फ्लेक्स उतरवून घरी आनलाय. फेकायचा न्हाई. खरं झालं की लावू परत."

निकम सर चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

"आता ह्ये सांग," आबांनी घडी उघडून बोट ठेवलं, "नमुने अपुरे म्हंजी किती शेळ्या कमी पडल्या?"

त्या दिवसापासून आबा मोबाइल घेऊन माळावरच्या वस्त्या हिंडायला लागले. खोकणारी शेळी कळली की तिच्यासमोर जाऊन बसायचे. रोज संध्याकाळी मुलाच्या मोबाइलवर आवाज येऊन पडायचे आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी आम्हालाही ऐकायला मिळायचे. प्रत्येक आवाजाच्या सुरुवातीला आबांचा रिपोर्ट असायचा : "सुभेदार बापूराव निकम बोलतोय. ठिकान, वड्याकडंची वस्ती. शेळी काळी, एक शिंग मोडल्यालं. खोक." मग शांतता. माश्यांचा आवाज. लांब कुठं तरी कोंबडा. मग परत आबा : "न्हाई खोकत. थांबतो." आणि ते थांबायचे. शेळी खोकेपर्यंत थांबायचे. आम्ही पोळीचा घास हातात धरून शेळीची वाट बघायचो. ती खोकली की कदम टाळ्या वाजवायचे. अबोला तोवर संपला होता.

पुरेसे नमुने जमल्यावर निकम सरांनी प्रस्ताव पुन्हा पाठवला. उत्तर यायच्या आधीच, उन्हाळ्यात, आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. उशाला मोबाइल होता, असं निकम सरांनी सांगितलं.

कुणी विचारलं नाही तरी पत्रक त्या सोमवारीही निघालं. संशोधन वार्तेत काही नव्हतं. कार्यक्रमांत काही नव्हतं. निधीच्या संधींत दोन नोंदी, दोन्ही आपल्याला लागू नाहीत. शुद्धिपत्रात एकच ओळ होती : "पत्रकाच्या वाचकांत एकाने घट झाली आहे."

मी ती दारातच उभी राहून वाचली आणि तास न घेता घरी गेले.

नमुने यंत्राला शिकवायला वापरायचे तर त्यात फक्त खोकला लागतो, माणसाचं बोलणं कापून टाकावं लागतं. हे काम विद्यार्थी करतात. या वेळी निकम सरांनी ते कुणाला दिलं नाही. कानाला हेडफोन लावून ते रोज दुपारी एकटे बसायचे. खोकला एका फोल्डरमध्ये जायचा आणि कापलेला तुकडा दुसऱ्यात. दुसऱ्या फोल्डरचं काय करणार, असं मी एकदा विचारलं. "काय न्हाई," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

पावसाळ्याच्या तोंडावर दिल्लीहून पत्र आलं. प्रकल्प मंजूर. निकम सरांनी पत्र पाटणकर सरांच्या टेबलावर ठेवलं. पाटणकर सरांनी ते तीन वेळा वाचलं, खालच्या सह्यांसकट, आणि ताडकन उठले. "आता मात्र जंगी सत्कार! या वेळी खरंच मंजूर आहे!"

"सत्कार झालाय सर."

"अहो, तो चुकून झाला होता."

"झालाय पन. हार घालनारा मानूस बी गेला. परत नको."

पाटणकर सरांनी पत्राची घडी घातली आणि ते निकम सरांच्या हातात परत दिलं.

त्यानंतरच्या रविवारी निकम सरांना गावाकडं जायचं होतं, ज्यांच्या शेळ्या खोकल्या होत्या त्यांना सांगायला. माझ्याकडं गाडी होती, मी म्हटलं, चला. वस्त्यांवरून परत येताना ते आबांच्या घराच्या मागं वळले. तिथं कडब्याची गंजी होती आणि गंजीच्या रस्त्याकडच्या उतारावर ताडपत्रीसारखं काहीतरी पांढरं, दगड ठेवून पसरलं होतं. मला वाटलं, पावसासाठी झाकलंय. सरांनी चपला काढल्या, शिडी लावली आणि वर चढले. एकेक दगड बाजूला केला. मग ते पांढरं त्यांनी दोन्ही हातांनी धरून उलटं केलं.

तो फ्लेक्स होता. छापील बाजू खाली ठेवून आबांनीच पसरला होता, त्यामुळे ऊन लागलं नव्हतं आणि रंग कालच्यासारखे ताजे होते. हार्दिक अभिनंदन. दोन शेळ्या. खाली टोपी-पदकांसह आबा, तोंडाला कडब्याची पानं चिकटलेली. निकम सर गुडघ्यांवर बसले आणि आबांच्या चेहऱ्यावरची पानं एकेक करून काढायला लागले. अगदी सावकाश, चष्मा पुसावा तसं. सगळं साफ झाल्यावर त्यांनी चारी कोपऱ्यांना परत दगड ठेवले आणि वरूनच मला म्हणाले, "मॅडम, रस्त्यावरनं वाचाय येतंय का बगा."

मी रस्त्यापर्यंत गेले. वळून बघितलं. गंजीच्या वर, आभाळाला लागून, निकम सर अनवाणी उभे होते आणि त्यांच्या पायाशी आबा. अक्षरं डोळ्यांत पाणी असूनही वाचता येत होती. मी हात वर करून खूण केली.

मी आता साताऱ्याला असते. तिथंही एक विभाग आहे, तिथंही वार्तापत्र निघतं, रंगीत, आणि त्यात दर आठवड्याला संशोधन होतं. इथं आल्यापासून निकम सरांची आणि माझी भेट नाही. पण त्या रविवारनंतरच्या सोमवारचं पत्रक मी दारावरून काढून घेतलं होतं. संशोधन वार्तेत, डॉ. निकम यांचा प्रकल्प मंजूर, एवढंच. आणि अगदी तळाला :

"शुद्धिपत्र : सुभेदार बापूराव निकम यांनी मारुतीच्या देवळासमोर लावलेल्या फलकावरील मजकूर त्या वेळी चुकीचा होता. तो आता बरोबर आहे."